शोकेसमधल्या कांजिण्या

साफकाकांच्या डाव्या बरगडीखाली सोमवारी सकाळी दुखायला लागलं, तेव्हा त्यांनी सगळा दोष पडद्याच्या लोखंडी स्टँडवर ढकलून दिला. आदल्या दिवशी एकट्याने उचलला होता ना! साठीला टेकलेल्या माणसाने तो एकट्याने उचलू नये, असं लेकीने शंभरदा सांगितलं होतं, आणि त्यांनी शंभरदा या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं होतं.

काका म्हणजे फोटो स्टुडिओवाले. पासपोर्टचे, शाळेच्या फॉर्मचे, ओळखपत्राचे फोटो. दारावर पाटी होती, 'चेहरा साफ करून मिळेल', आणि ती इतकी वर्षं होती की गल्लीतली पोरंसोरं त्यांचं खरं नाव विसरून त्यांना साफकाकाच म्हणायला लागली. मुरूम, डाग, ओरखडे, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं पुसून देत. पूर्वी निगेटिव्हवर पेन्सिलीने, आता कॉम्प्युटरवर माउसने. माणूस समोर येऊन बसला की काकांना आधी त्याचा डाग दिसायचा आणि मग माणूस.

दुकानाच्या शोकेसमध्ये मधोमध एकच मोठा फोटो होता. पाच वर्षांची मुलगी, दोन शेंड्या, बिनबाह्यांचा फ्रॉक, आणि गाल असे गुळगुळीत की माशी बसली तर घसरावी. ही काकांची लेक. गिऱ्हाईक जरा कां-कू करायला लागलं की काका त्याला कोपराला धरून बाहेर न्यायचे. "बघा. फोटो काढला तेव्हा हिच्या अंगभर कांजिण्या होत्या. अंगभर! शोधा एक डाग." गिऱ्हाईक काचेला नाक लावून शोधायचं आणि मुकाट्याने आत येऊन स्टुलावर बसायचं. पंचवीस वर्षं हा खेळ चालला होता. काकांची बायको असताना ती हसून मान वळवायची. ती गेल्याला आता अकरा वर्षं झाली.

लेक दुकानाच्या वरच राहत होती, नवऱ्याबरोबर. आठवा महिना चालू होता. जिना उतरताना कठड्याला धरून एकेक पायरी उतरायची, पण दिवसातून चारदा उतरायचीच. बुधवारी बापाचा चेहरा बघून तिने हुकूम सोडला, "शर्ट काढा."

"अगं स्टँडमुळे आखडलंय."

"काढा म्हणते ना!"

कुशीवर लालसर चट्टे होते आणि त्यावर बारीक बारीक पुरळ. लेक म्हणाली, घामोळं आहे. तिने दुखण्याचं मलम आणलं आणि खसाखसा चोळलं. काका जिवाच्या आकांताने ओरडले. चोळून झाल्यावर आग आणखी वाढली. कुणी तापलेली इस्त्री टेकवून उचलायला विसरावं तशी. गुरुवारी पुन्हा मलम. त्या दिवशी पुरळात पाणी भरलं होतं, दोनचार फोड तर तिच्या बोटाखालीच फुटले. तिने हात फडक्याला पुसले आणि स्वयंपाकाला गेली.

शुक्रवारी काकांना उभं राहवेना की बसवेना. पाठीवर नक्की काय चाललंय हे बघावं म्हणून त्यांनी कॅमेरा तिकाटण्यावर लावला, टायमर लावला, शर्ट वर करून उलटे उभे राहिले आणि स्वतःच्याच पाठीचा फोटो काढला. कॉम्प्युटरवर उघडला. आणि मग काय केलं असेल? हात माउसवर गेला आणि एकेक फोड पुसायला लागला! निम्मी पाठ स्वच्छ झाली तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की, अरे, हा डॉक्टरला दाखवायला काढलाय. त्यांनी स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. सवय हो, दुसरं काय!

दुपारी लेक त्यांना कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "नागीण."

काकांनी लगेच ऐकलेलं बोलून दाखवलं. शेजारचा गादीवाला नेहमी सांगायचा, नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस आटोपला.

"कोण म्हणतं असं?" बाई हसल्या. "जुळतच नाही ते. हे बघा, पाठीच्या मणक्यापासून निघालंय आणि पुढे छातीच्या मध्यावर येऊन थांबलंय. पट्टा एकाच बाजूचा. आधी दुखतं, आग होते, आणि दोनतीन दिवसांनी फोड येतात, घोसाघोसाने. लहानपणी तुम्हाला कांजिण्या झाल्या असणार. बऱ्या झाल्या तरी त्यांचा विषाणू अंगातून जात नाही, नसेत लपून झोपतो. वय झालं, अंगातली ताकद कमी पडली की उठतो. पुरळ उठून तीनच दिवस झालेत, वेळेवर आलात. गोळ्या देते."

काकांनी सुटकेचा श्वास टाकला. तेवढ्यात बाईंची नजर लेकीच्या पोटावर गेली.

"ह्यांना मलम कोण लावतं?"

"मीच," लेक म्हणाली.

"कधीपासून?"

"बुधवारपासून. का हो?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "ह्या फोडांतलं पाणी लागलं तर दुसऱ्याला नागीण होत नाही, पण ज्याला कधी कांजिण्या झाल्या नाहीत त्याला कांजिण्या होऊ शकतात. एरवी मी एवढं बोलले नसते. पण आठव्या महिन्यात आईला कांजिण्या झाल्या तर त्या फुप्फुसात उतरू शकतात. आणि बाळंतपणाच्या तोंडावर झाल्या तर बाळाच्या जिवावर बेततं. तुम्हाला झाल्या होत्या का लहानपणी?"

लेक खळखळून हसली. "झाल्या होत्या म्हणजे काय! अख्ख्या गल्लीला माहीत आहे. शोकेसमध्ये फोटो आहे माझा."

"नक्की ना? थोडी जरी शंका असेल तर रक्त तपासू. संरक्षण नसलं तर एक इंजेक्शन असतं, पण ते दहा दिवसांच्या आत द्यावं लागतं. बुधवारपासून दहा." बाई काकांकडे वळल्या. "वडिलांना आठवत असेल."

"लिहून घ्या," काका छाती पुढे काढून म्हणाले. "अंगभर झाल्या होत्या. मी स्वतः पुसल्यात."

बाईंनी लिहून घेतलं.

खपल्या धरेपर्यंत काकांनी लेकीच्या जवळ जायचं नाही असं ठरलं. ते दुकानामागच्या जुन्या डार्करूममध्ये राहायला गेले. तिथे एक खाट, एक टेबल आणि भिंतभर निगेटिव्हचे डबे होते. जावई खाली डबा आणून ठेवायचा. जावई मोठा गुणी माणूस, बोलणं कमी. त्याच्या उजव्या भुवईवर मसुरीच्या दाण्याएवढा खड्डा होता. कांजिण्यांचा. "खाजवला म्हणून आईचा मार खाल्ला होता," एवढं तो रविवारी डबा ठेवताना म्हणाला आणि वर निघून गेला.

काका जेवायला बसले, आणि घास हातातच राहिला. जावयाला खड्डा आहे. स्वतःच्याही कानामागे एक आहे, बोट फिरवलं की लागतो. लेकीला कुठे आहे? कपाळ, हनुवटी, मान, त्यांनी मनातल्या मनात सगळा चेहरा चाचपला. तिला खड्डा असा नाहीच कुठे. बरं, सगळ्यांनाच राहतो असंही नाही. नसेल राहिला. त्यांनी घास तोंडात घातला, पण चव गेली ती गेलीच.

तिथून त्यांच्या जिवाला जो घोर लागला तो काही केल्या सुटेना. गोळ्यांनी आग कमी होत होती, फोड सुकत होते, पण माणूस बसल्या जागी टिकेना. दुकानात यावं, शोकेससमोर उभं राहावं, पुन्हा आत जावं, खाटेवर टेकावं, पुन्हा उठावं. सोमवारी एका गिऱ्हाइकाचा डावा कान कापला गेला फोटोत. मंगळवारी एकाला दुसऱ्याचेच फोटो दिले. तो बिचारा अर्ध्या वाटेवरून परत आला. "काका, हा मी नाही हो!"

"काय झालंय काय तुला?" शेजारून गादीवाल्याने विचारलं. हा काकांचा तीस वर्षांचा दोस्त. अंगाला कापूस चिकटलेला, तोंडाला कुलूप नसलेला. "जुळलं की काय तोंड आणि शेपूट?"

"जुळत नसतं ते. तुझं तोंड आवर आधी."

बुधवारी सकाळी एक बाई पाच-सहा वर्षांच्या मुलीला घेऊन दुकानात शिरल्या. "काका, शाळेच्या फॉर्मला फोटो हवाय, उद्या शेवटची तारीख. हिला जरा उठलंय तोंडावर. तुम्ही साफ करून द्याल ना? ती बाहेरची मुलगी बघितली, कांजिण्या असून किती छान केलाय!"

काकांनी मुलीला स्टुलावर बसवलं, दिवा लावला आणि नेहमीसारखे डाग मोजायला लागले. आणि मोजता मोजता थबकले. गालावर नुसते लाल ठिपके होते. कपाळावर पाण्याने भरलेले फोड, पहाटेचं दव पानावर बसावं तसे. हनुवटीवरच्या एकावर खपली. तिन्ही तऱ्हा एकाच चेहऱ्यावर.

"पोटावर आहे का हो?"

"पोटावर, पाठीवर, सगळीकडे. तिथूनच तर सुरू झालं. काल थोडे होते, आज नवे आले."

काकांनी दोन बोटांनी भांग बाजूला केला. केसांतसुद्धा होते. मुलगी म्हणाली, "तिथे खाजतं."

"बाई," काका दोन पावलं मागे सरले, स्वतःसाठी नव्हे, वरच्या मजल्यासाठी. "हिला कांजिण्या आहेत. शाळेत नेऊ नका, कुठल्या गरोदर बाईजवळ बसवू नका. डॉक्टरला दाखवा. फोटो सगळ्या खपल्या पडल्या की काढू. शाळेला मी चिठ्ठी देतो, फोटोवाल्याची चिठ्ठी चालली नाही तर मला बोलवा, मी येऊन भांडतो."

त्या गेल्या. काकांनी दार सताड उघडं टाकलं, पंखा लावला, स्टूल पुसलं, दोनदा पुसलं, आणि रिकाम्या स्टुलाकडे बघत उभे राहिले. एकट्या चेहऱ्यावर त्यांनी चाळीस मोजले होते. चाळीस! शिवाय गळा, हात, खांदे. पेन्सिलीच्या काळात असं पोर समोर आलं असतं तर एका निगेटिव्हला आठवडा गेला असता. टोकदार पेन्सिल, भिंग, एकेक ठिपका बाजूच्या कातडीला मिळवत आणायचा, डोळे फुटायची वेळ. आणि लेकीचा फोटो? तो त्यांनी किती दिवसांत केला होता? डोक्याला आठवत नव्हतं, पण हाताला आठवत होतं. हात सांगत होता, एक दुपार. एका दुपारी जेवायच्या आधी बसलो आणि चहाच्या आत उठलो.

एका दुपारीत अंगभर कांजिण्या पुसणारा माणूस अजून जन्माला यायचा होता.

त्यांनी दुकानाचं दार लोटलं आणि डार्करूममध्ये डबे उपसायला सुरुवात केली. कुशीतली नागीण फुत्कारत होती, पण लक्ष कुणाचं! डब्यांवर वर्षं लिहिलेली, आत पाकिटं, पाकिटांवर नंबर. एक डबा, दोन डबे, पाच. शिंकून शिंकून जीव गेला. सातव्या डब्यात ते पाकीट निघालं. वर बायकोच्या अक्षरात लेकीचं लाडाचं नाव.

निगेटिव्ह त्यांनी खालून दिवा लागणाऱ्या काचेच्या टेबलावर ठेवलं. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं. गोरं ते काळं, काळं ते पांढरं. कातडीवरचा डाग तिथे स्वच्छ भोक पडावं तसा दिसतो, आणि ती भोकं पेन्सिलीच्या शिशाने बुजवायची, हेच ते काम. तिरपं धरल्यावर शिसं चमकलं. काकांनी कापसाच्या बोळ्याला टर्पेंटाइन लावलं. पंचवीस वर्षांत स्वतःचं काम त्यांनी कधी पुसलं नव्हतं.

बोळा फिरवला. शिसं निघालं. भिंग लावलं.

सात. मोजून सात. तीन गालावर, एका सरळ रेषेत, शिंप्याने टाके घालावेत तसे. तीन दंडावर, तेही ओळीने. एक मानेवर. सगळे एकाच मापाचे, ना पाणी ना खपली. कपाळ कोरं. दोन शेंड्यांमधला भांग कोरा. फ्रॉकच्या गळ्यात दिसणारी छाती कोरी. पुन्हा मोजले. सातच.

"गादीवाल्याऽ!" काका असे ओरडले की गादीवाला सुई हातात घेऊनच धावत आला. त्याला वाटलं, गेला माणूस.

"हे बघ. हे काय आहे?"

गादीवाल्याने भिंगातून बघितलं, डोळे बारीक केले, आणि सुई कानावर खोचली. "आता पंचवीस वर्षांनी ती गादी उकरून काढतोस होय रे? मी बदलून दिली होती तुला दुसऱ्याच दिवशी."

"कुठली गादी?"

"असं काय करतोस! मी तुला जुनी गादी दिली होती पोरीसाठी, कापूस पिंजून. तिच्यात ढेकूण निघाले. पोरीला रात्रभर फोडून काढलं. सकाळी तू भांडायला आलास, गच्चीत नेऊन आपण दोघांनी रॉकेल ओतलं गादीवर. मग फोटो शोकेसला लावलास तेव्हा लोक विचारायला लागले, काय पुसलंत. तूच म्हणालास, ढेकूण म्हटलं तर तुझ्याकडे गादी कोण घेईल आणि माझ्या स्टुलावर कोण बसेल? कांजिण्या म्हणू. मी शब्द दिला, तो पाळला. माझ्या बायकोलासुद्धा बोललो नाही." त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं.

काका मटकन खाटेवर बसले. सगळं आठवलं. रॉकेलचा वाससुद्धा आठवला. कसं विसरलो? रोज गिऱ्हाइकाला सांगत गेलो, दिवसातून तीनदा, चारदा, हातवारे करून. सांगता सांगता आपणच आपल्या थापेचे गिऱ्हाईक झालो. बायकोला ठाऊक होतं. ती हसून मान का वळवायची ते आज कळलं. ती असती तर डॉक्टरांसमोर एका शब्दात निकाल लावला असता.

"अरे पण झालं काय एवढं?" गादीवाल्याने विचारलं.

"आज कुठला वार?"

"बुधवार."

"म्हणजे सात दिवस झाले." काका उठले. "तीन उरलेत."

जिना चढताना त्यांना एक विचार आला, खोटं कशाला सांगायचं, की नुसतं सांगावं, 'मला जरा शंका आहे, तपासून घेऊ.' लाज राखली गेली असती, ढेकणांचं नाव काढायची गरज नव्हती. पण लेक हट्टी. फोटो आहे ना, म्हणाली असती, कशाला रक्त काढायचं, आणि शनिवार उलटून गेला असता. दारासमोर ते उभे राहिले. शर्टाची गुंडी गळ्यापर्यंत लावली, चार हात लांब सरकले आणि तिथूनच कठड्यावर टकटक केलं.

"दार उघडू नकोस. आतूनच ऐक."

"काय झालं बाबा?" आतून लेकीचा आवाज आला. "दुखतंय का जास्त?"

"तुला कांजिण्या झालेल्या नाहीत."

आत कडी सरकल्याचा आवाज आला.

"तो फोटो... ढेकूण चावले होते तुला. सात ठिकाणी. मी कांजिण्या म्हणून सांगत आलो. लोकांना. धंद्यासाठी."

दार उघडलंच. लेक उंबऱ्यात उभी होती, एक हात पोटावर. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता आणि डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता.

"बाबा, गिऱ्हाइकाला सांगायचं ते तुम्ही मला का सांगितलंत?"

"मलाच खरं वाटायला लागलं होतं गं," काका म्हणाले. "आईशप्पथ. मला वाटलं मी खरंच पुसल्यात."

"डॉक्टरांना छातीठोक सांगितलंत. लिहून घ्या म्हणालात!"

"म्हणालो."

"मी रोज रात्री निवांत झोपतेय. शुक्रवारपासून!" तिचा आवाज फाटला. "फोड माझ्या बोटाखाली फुटलेत बाबा. ह्या बोटांखाली."

काकांना पुढे होऊन तिला जवळ घ्यावंसं वाटलं, आणि तेवढंच करता येत नव्हतं. ते भिंतीला चिकटून उभे राहिले. "रागाव," ते म्हणाले. "हवं तेवढं रागाव, पण चप्पल घालता घालता रागाव. आज रक्त द्यायला हवं."

जावयाने पाच मिनिटांत रिक्षा आणली. जाताना तो काकांजवळ क्षणभर थांबला. काकांना वाटलं, आता हाही बोलणार, आणि बोलायलाच हवं होतं. तो म्हणाला, "सांगितलंत ते बरं केलंत." बस्स, तेवढंच. त्याने शिव्या दिल्या असत्या तर काकांना सोपं गेलं असतं.

डॉक्टरीणबाईंनी लेकीला वेगळ्या खोलीत बसवून रक्त घेतलं. गुरुवारी संध्याकाळी फोन आला. संरक्षण नाही. रक्तात कांजिण्यांची ओळख म्हणून नावालासुद्धा नाही. इंजेक्शन शहराच्या दुसऱ्या टोकाच्या इस्पितळात होतं. शुक्रवारी सकाळी, नवव्या दिवशी, ते दिलं गेलं. बाई म्हणाल्या, आता धोका बराच कमी, पण शून्य नाही. इंजेक्शनने आजार सौम्य होतो, कधी उशिरा उठतो. म्हणून हात लागल्यापासून अठ्ठावीस दिवस अंगावर नजर ठेवायची. एक जरी फोड दिसला तरी लगेच फोन.

अठ्ठावीस दिवस! ऐकायला सोपं आहे. काकांच्या खपल्या पडल्या, कुशीवर गुलाबी पट्टा उरला, डॉक्टरांनी त्यांना मोकळं केलं, तरी ते वर जायला धजावले नाहीत. लेक बोलत नव्हती ना! रोज सकाळी दुकान उघडलं की ते रस्त्यावर येऊन वर बघायचे. लेक गॅलरीत यायची, हात आडवा हलवायची, म्हणजे काही नाही, आणि आत जायची. तेवढ्यावर काकांचा दिवस चालायचा. शोकेसमधला फोटो त्यांनी बुधवारीच काढून ठेवला होता. मधोमध रिकामी खिळ्याची जागा, आणि लोक विचारायचे, काका, मुलगी कुठे गेली?

एकोणिसाव्या दिवशी, सोमवारी, लेक गॅलरीत आली आणि तिने हात हलवला नाही.

"बाबा," ती वरून म्हणाली. बारा दिवसांत ती पहिल्यांदा बोलत होती. "एक आलाय. मानेवर."

काकांचे डोळे, काय आश्चर्य, डाग मोजताना होतात तसे स्थिर झाले. "पाणी आहे त्यात?"

"नाही. लाल आहे. खाजतोय."

"पोटावर बघ. पाठीवर बघायला सांग जावईबापूंना. भांगात बघ. ताप?"

"नाही. कुठेच नाही. एकच."

"त्याला हात लावू नकोस. डॉक्टरांना फोन करा. आणि पेनाने त्याच्याभोवती गोल काढ."

बाई म्हणाल्या, संध्याकाळपर्यंत बघू, नवे आले किंवा पाणी भरलं तर लगेच या. त्या दिवशी काकांनी एकही फोटो काढला नाही. दर तासाला रस्त्यावर यायचे, वर बघायचे. गादीवाला आपली शिवण टाकून त्यांच्याबरोबर उभा राहायचा. आज त्याच्याही तोंडाला कुलूप होतं. अकरा वाजता एक. दोन वाजता एक. चारला एक, पण थोडा बसलेला. सहाला लेक गॅलरीत आली तेव्हा तिच्या मानेवर निळ्या शाईचं रिकामं वर्तुळ होतं.

"डास," ती म्हणाली.

"डास!" गादीवाला रस्त्यावरच ओरडला. "ह्या वेळेला माझा काही संबंध नाही हं!"

आणि लेक हसली. कठड्याला धरून, पोट सांभाळत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. काका मात्र हसू शकले नाहीत. ते दुकानाच्या पायरीवर बसले आणि तोंड ओंजळीत धरून लहान पोरासारखे रडले.

अठ्ठाविसावा दिवस बुधवारच होता. काही आलं नाही. दुपारी लेक एकेक पायरी करत खाली उतरली, इंजेक्शन घेऊन आल्यापासून पहिल्यांदा. शोकेससमोर येऊन थांबली.

खिळ्यावर फोटो परत आला होता. तीच दोन शेंड्यांची मुलगी, तोच फ्रॉक. काकांनी पुसलेल्या निगेटिव्हवरून नवा काढला होता. गालावर तीन ठिपके, दंडावर तीन, मानेवर एक. काचेला नाक लावायची गरज नव्हती, रस्त्याच्या पलीकडून दिसत होते.

"ढेकणांसकट?" ती म्हणाली.

"आहे तसा."

तेवढ्यात एक गिऱ्हाईक थांबलं. जुनंच. "अहो काका, ही तर डागाळली! हिलाच ना कांजिण्या झाल्या होत्या?"

काका काहीतरी बोलणार होते, पण लेकीने हात वर केला. तिने काच सरकवून फोटो खिळ्यावरून उतरवला, काकांच्या खिशातलं पेन काढलं, फोटो उलटा करून पोटावर टेकवला आणि मागे लिहिलं, वय पाच, ढेकूण, कांजिण्या झालेल्या नाहीत. खाली इंजेक्शनची तारीख घातली आणि पेन बापाच्या हातात दिलं.

"सही करा," ती म्हणाली. "उद्या पुन्हा कुणी विचारलं आणि तुम्ही नसलात, तर मी कुणाला विचारू?"

काकांनी सही केली. मग फोटो तिच्या हातातून घेऊन त्यांनी तो परत खिळ्याला लावला, आणि गिऱ्हाइकाकडे वळून म्हणाले, "नाही. ढेकूण चावले होते."